कृष्णेच्या पाण्याचा नकाशा करायचा तर आधी बंधारे मांडा

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले तुम्ही पदव्युत्तर विद्यार्थी. कराड ते सांगली या पट्ट्यातल्या कृष्णेच्या पाण्याच्या गुणवत्तेचा नकाशा करायचा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांचे आकडे हातात आहेत, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येतं. मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागांचा अंदाज काढायला आयडीडब्ल्यू वापरू की क्रिगिंग, आणि त्या नकाशावरून सांडपाणी प्रक्रिया कुठे आधी हवी हे सांगता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही वापरू नका. या पद्धती चार दिशांना सरळ अंतर मोजून मधली किंमत काढतात. भूजलाला, पावसाला, मातीला ते काही प्रमाणात चालतं. नदीचं पाणी एकाच वाटेनं आणि एकाच दिशेनं जातं. समडोळी हे वारणेकाठचं गाव सांगलीपासून पक्ष्याच्या उड्डाणानं जवळ आहे, पण वारणेचं पाणी कृष्णेला मिळतं ते हरिपूरच्या संगमावर, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाच्याही पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. आयडीडब्ल्यू समडोळीचा आकडा बेधडक आयर्विन पुलापाशीच्या पाण्यात मिसळून टाकेल. शिवाय सगळा मिरज तालुका लाल-पिवळ्या रंगांनी भरून जाईल, जिथे नदीच नाही तिथेसुद्धा. असे नकाशे प्रबंधांत आणि अहवालांत इतके दिसतात की त्यांचं काही वाटेनासं झालं आहे, आणि मला याची खरंच काळजी वाटते. कारण तो रंग बघून एखाद्या गावाला 'तुमचं पाणी चांगलं' असं सांगितलं जातं. नदीच्या जाळ्यावरून अंतर मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीही आहेत, पण त्यांना पुष्कळ बिंदू लागतात. तुमच्या पट्ट्यात तेवढे नाहीत.

तुम्हाला हवं आहे ते प्रतिमान (मॉडेल), म्हणजे भार (रोज नदीत पडणारी घाण), प्रवाह आणि वेळ यांचा हिशेब. क्यूजीआयएस या हिशेबाची मांडणी करून देतं आणि शेवटी निकाल दाखवतं. मधलं गणित क्वाल-टू-के सारख्या साधनात होतं. ते फुकट मिळतं, एक्सेलमधून चालतं, आणि नदीला तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्याचा बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचं माप), विरघळलेला प्राणवायू, अमोनिया, नायट्रेट वगैरे काढतं. लोक लगेच स्वॅटकडे, म्हणजे पाऊस, माती आणि शेती धरून सगळ्या पाणलोटाचं प्रतिमान करणाऱ्या साधनाकडे, धावतात. उसाच्या शेतातून पावसाळ्यात किती नायट्रेट वाहून येतं हा प्रश्न असेल तर स्वॅट हवंच. तुमचा प्रश्न सांडपाण्याचा आहे आणि तो उन्हाळ्यात पेटतो. त्यासाठी स्वॅटचा पसारा मांडून वर्ष घालवू नका.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय एकच: नदीचे तुकडे कुठे पाडायचे. बहुतेक जण दर पाच किलोमीटरला किंवा तालुक्याच्या हद्दीवर पाडतात. आपल्या कृष्णेवर तुकडा पडतो तो बंधाऱ्यावर. कराडजवळचा खोडशीचा जुना बंधारा तुमच्या पट्ट्याच्या तोंडाशीच आहे. त्याखाली टेंभू, बहे, डिग्रज, सांगली, आणि सांगलीच्या खाली म्हैसाळ. मधले कोल्हापूर पद्धतीचे छोटे बंधारे वेगळेच. पावसाळा सरला की बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि वाहती नदी तळ्यांची माळ होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही ज्याला कृष्णा म्हणता ती खरं तर एका फुगवट्यामागून दुसरा फुगवटा आहे.

याचा पाण्यावर किती परिणाम होतो ते आकड्यांत बघा. हवेतून पाण्यात प्राणवायू मिसळण्याचा वेग काढायला ओकॉनर-डॉबिन्स यांचं सूत्र सर्रास वापरतात: ३.९३ गुणिले वेगाचं वर्गमूळ, भागिले खोलीचा दीड घात. वेग मीटर प्रति सेकंद, खोली मीटरमध्ये. उथळ वाहती नदी धरा, खोली १ मीटर, वेग ०.५. उत्तर येतं दिवसाला सुमारे २.८. आता फुगवटा धरा, खोली ४ मीटर, वेग ०.१. उत्तर दिवसाला सुमारे ०.१६. म्हणजे नदी तीच, पाणी तेच, पण श्वास घेण्याचा वेग अठरापट कमी. आणि ०.१ मीटर प्रति सेकंद म्हणजे दिवसाला साडेआठ किलोमीटर, त्यामुळे घाण त्याच टप्प्यात दिवसचे दिवस मुरत बसते.

पुढचा हिशेब. १ लाख वस्तीचं शहर घ्या. माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं धरायची रीत आहे. म्हणजे माणशी १०८ लिटर, एकूण १ कोटी ८ लाख लिटर रोज. त्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर रोजचा भार २,७०० किलो. हे प्रक्रियेविना नदीत गेलं, नदीचा स्वतःचा बीओडी २ आहे आणि प्रवाह १,७५० क्युसेक, म्हणजे साधारण ५० घनमीटर प्रति सेकंद आहे, तर मिसळल्यावर बीओडी २.६ च्या आसपास येतो. स्नानायोग्य पाण्याची केंद्रीय मंडळाची मर्यादा ३ आहे, त्यामुळे कागदावर सगळं ठीक दिसतं. तोच प्रवाह १७५ क्युसेकवर आला की बीओडी ८ होतो. शहर बदललं नाही, नाला बदलला नाही. कोयना धरणातून पाणी सोडायच्या दोन पाळ्यांमधला, म्हणजे दोन आवर्तनांमधला, खंड तेवढा आला.

आता हा ८ बीओडीचा घास वाहत्या पाण्यात आणि फुगवट्यात टाकून बघा. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ओहायो नदीसाठी मांडलेलं समीकरण आजही पहिल्या अंदाजाला पुरतं. सांगलीच्या उंचीवर, २७ अंशांच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या जवळपास मावतो. कुजण्याचा वेग दिवसाला ०.३ धरला, तर वाहत्या पाण्यात प्राणवायू उतरून उतरून सहाच्या थोडा वर थांबतो आणि पुन्हा सावरतो. फुगवट्यात दोन दिवसांनी तो अडीचवर येतो. ४ च्या खाली मासे धापा टाकू लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर काठाला मेलेल्या माशांचा खच दिसतो तेव्हा सगळे एखाद्या रात्री सोडलेल्या मळीमिश्रित पाण्याकडे बोट दाखवतात. ते पुष्कळदा खरंही असतं. पण त्याआधीच नदी कडेलोटाला आलेली असते आणि तिला तिथे आणण्यात बंधाऱ्याचा, आवर्तनाचा आणि गावोगावच्या नाल्यांचा वाटा असतो. नियोजनाला उपयोगी पडेल असं प्रतिमान हेच वाटे वेगळे करून दाखवतं. एवढ्यासाठीच ते करायचं.

वरच्या हिशेबात एक खाच आहे ती सांगतो, कारण पुस्तकांत ती सापडत नाही. परदेशी साधनं बीओडी म्हणजे २० अंशांवर ५ दिवसांची चाचणी असं गृहीत धरतात. आपल्या प्रयोगशाळा २७ अंशांवर ३ दिवसांची चाचणी करतात. प्रतिमानाला लागतो तो अंतिम बीओडी. २० अंशांना ०.२३ हा नेहमीचा वेग धरून २७ अंशांना नेला, तर आपली ३ दिवसांची चाचणी अंतिम मागणीच्या ६१ टक्क्यांच्या आसपास पकडते, त्यांची ५ दिवसांची ६८ टक्के. म्हणून आपला ८ हा अंतिम १३ होतो, आणि वरचे प्राणवायूचे आकडे त्या १३ वरूनच काढले आहेत. हा गुणक विसरलात तर नदी जितकी आजारी आहे त्यापेक्षा बरी दिसेल.

आता क्यूजीआयएसमधलं काम. नकाशाचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर ठेवा, सातारा-सांगली दोन्ही त्यातच बसतात. जुन्या टोपोशीटवरून रेषा काढत असाल तर त्यांचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, वेगळा आहे हे लक्षात ठेवून रूपांतर करा, नाहीतर नदी काठावर चढेल. नदीची रेषा वरून खाली अशीच काढा आणि कराडच्या प्रीतिसंगमाला, जिथे कोयना कृष्णेला मिळते, शून्य किलोमीटर माना. पुढे प्रत्येक गोष्टीला, मग तो नाला असो, जॅकवेल (पाणीपुरवठ्यासाठी नदीचं पाणी उपसायची विहीर) असो, पूल असो की नमुना घेण्याची जागा, अक्षांश-रेखांशासोबत नदीचा किलोमीटर द्यायचा. हा एक स्तंभ नीट भरला की निम्मं प्रतिमान तयार झालं समजा.

उंचीच्या प्रतिमानावरून नदी आपोआप काढायचा मोह होईल. सह्याद्रीत, वाई-महाबळेश्वरच्या बाजूला ते छान जमतं. कराडच्या खाली दरी रुंदावते, उतार मंदावतो, नदी वळणं घेते, आणि एसआरटीएम या ३० मीटर बारकाव्याच्या उंचीच्या डेटावरून काढलेली रेषा शेतांतून भलतीकडे जाते. तो डेटा फेब्रुवारी २००० मधला आहे, म्हणजे बरग्यांच्या दिवसांतला. नदीपात्राच्या जागी त्याला पाण्याचा पृष्ठभागच दिसलेला आहे, तळ नाही. म्हणून नदीची खरी रेषा आधी उंचीच्या थरात खोदून घ्या आणि मगच पाणलोट काढा. आडवे छेद मात्र उपग्रहावरून मिळणार नाहीत. ते पाटबंधारे खात्याकडे मागा. पूररेषा आखताना, निळी २५ वर्षांच्या आणि लाल १०० वर्षांच्या पुरासाठी, नदीचे छेद घेतलेले असतात. रीतसर पत्र, मार्गदर्शक प्राध्यापकांची सही, आणि दोन-चार फेऱ्या मारायची तयारी ठेवा. या छेदांशिवाय खोली आणि वेग अंदाजपंचे राहतात, आणि खोलीचा दीड घात काय करतो ते वर बघितलंच.

पाणलोट काढताना कोयनेपाशी थांबा. नकाशा सांगेल की शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, सगळं पाणी कराडला येतं. प्रत्यक्षात वीजनिर्मितीसाठी कृष्णा पाणीतंटा लवादानं ठरवलेलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेला वळवलं जातं आणि ते वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरतं. पूर्वेला येतं ते पायथ्याच्या वीजगृहातून आणि विमोचकातून (धरणाच्या पाणी सोडायच्या दारातून) सोडलेलं. म्हणजे कराडच्या खालचा उन्हाळी प्रवाह पाऊस ठरवत नाही, सोडलेलं पाणी ठरवतं. म्हणून 'दहा वर्षांतला सर्वांत कमी सात दिवसांचा प्रवाह' ही पुस्तकी कल्पना इथे जशीच्या तशी लावू नका. त्याऐवजी तीन स्थिती घ्या: आवर्तन चालू, आवर्तनांमधला खंड, आणि ताकारी-टेंभू या उपसा सिंचन योजनांचा उपसा जोरात असताना सोडलेलं पाणी कमी पडलेली स्थिती. तिसरी स्थिती बघितल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका. प्रवाहाचे आकडे कराड आणि सांगलीखालच्या अर्जुनवाड इथल्या केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांवरून मिळतील. मधला हिशेब विसर्ग आणि उपसा जमा-वजा करून लावावा लागेल.

भाराचा थर हे सगळ्यात कष्टाचं काम, आणि इथे घाई करू नका. २०११ च्या जनगणनेची गाववार लोकसंख्या घेऊन पुढे वाढवता येते. पण गावात शोषखड्डे असतील तर तो भार नदीत येतच नाही, आणि शहरात उघडी गटारं असतील तर जवळजवळ सगळा येतो. लोकसंख्येला सरसकट माणशी रोज २७ ग्रॅम बीओडीनं (वरचे १०८ लिटर गुणिले २५० मिलिग्रॅम) गुणलं की खेड्यांवर उगीच आळ येतो आणि शहर सुटतं. म्हणून नाल्याच्या तोंडाशी जाऊन मोजा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओढ्याला जे पाणी असतं ते बहुतांशी सांडपाणीच असतं, त्यामुळे तेव्हाचा मोजलेला प्रवाह गुणिले बीओडी हा खरा भार. प्रवाह मोजायची व्ही-खाचेची पाटी बसवता आली तर उत्तम, नाहीतर छेद घेऊन आणि तरंगतं टाकून वेग काढा. नमुना एकदाच घेऊ नका. सकाळी सात-आठला नाल्याचं पाणी वेगळं, दुपारी तीनला वेगळं. सांगलीत शेरीनाला सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्याशिवायचे छोटे नाले एकत्र केले तर चित्र बदलू शकतं. ते मोजल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

साखर कारखाने आणि आसवन्यांचं वेगळं बघा. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे बरगे असतात त्याच दिवसांत. आसवनीच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी ४०,००० च्या वर असतो, घरगुती सांडपाण्याच्या दीडशेपट आणि जास्त. ते नदीत जाता कामा नये असाच नियम आहे, त्यामुळे प्रतिमानात त्याचा भार शून्य ठेवून मूळ स्थिती काढा, आणि अपघाती गळतीची स्थिती वेगळी चालवा. म्हणजे कुठल्या फुगवट्यात गळती झाली तर कुठल्या गावच्या जॅकवेलला किती तासांनी पोचेल हे आधीच कळेल. माझ्या मते पाणीपुरवठ्याच्या दृष्टीनं हा तक्ता बाकीच्या सगळ्या नकाशांइतकाच मोलाचा आहे. जॅकवेलवरच्या माणसाला पंप कधी बंद करायचा हे कळणं म्हणजे हजारो घरांचं पाणी वाचणं.

मंडळाच्या आकड्यांबद्दल. ते वापराच, पण ते महिन्यातून एकदा आणि दिवसाउजेडी घेतलेले असतात. फुगवट्यात शेवाळ असतं. दुपारी ते प्राणवायू सोडतं आणि आकडा आठ-नऊवर जातो, पहाटे तेच शेवाळ प्राणवायू खातं. मासे पहाटे मरतात. म्हणून तुमचे स्वतःचे नमुने सूर्योदयाआधी घ्या, आणि त्याच जागी दुपारीही. पुलांवरून घेतले तर प्रवाहाच्या मधलं पाणी मिळतं: कराड, बहे, भिलवडी, आयर्विन. फुगवट्यात वर आणि तळाजवळ असे दोन वाचन घ्या, फरक बघून तुम्हीच चकित व्हाल. एका महिन्याच्या नमुन्यांवर प्रतिमान जुळवा, दुसऱ्या महिन्याच्या नमुन्यांवर ते तपासा. जुळवलेल्याच आकड्यांवर तपासणी दाखवू नका.

सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं दर पाच दिवसांनी १० मीटरच्या बारकाव्यानं मिळतात आणि नदीचं मुख्य पात्र त्यात दिसतं. जलपर्णी कुठे साचली, गढूळपणा कुठे वाढला, शेवाळ कधी फुललं हे त्यावरून कळतं, आणि ते फुगवट्याच्या हद्दीशी पडताळता येतं. बीओडी आणि प्राणवायू उपग्रहाला दिसत नाहीत. तसा दावा करणारं काही वाचलंत तर नमुने कसे घेतले हे आधी तपासा. पावसाळ्यात ढगच दिसतील.

निकाल दाखवताना रेषाच ठेवा. जाडी भारानुसार, रंग प्राणवायूनुसार, आणि खाली लांबीचा आलेख, ज्याच्या आडव्या अक्षावर किलोमीटरसोबत गावांची नावं असतील. ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या बैठकीत लोक आपलं गाव शोधतात आणि तिथून बोलायला लागतात. मग पर्याय चालवून दाखवा: अमुक नाल्यावर प्रक्रिया करून बीओडी १० वर आणला तर आलेख कितीनं वर येतो, तेच पाणी शेतीला वळवलं तर किती, नाल्याचं तोंड बंधाऱ्याच्या वरून खाली नेलं तर किती, आणि खंडाच्या काळात आणखी १०० क्युसेक सोडले तर किती. प्रक्रिया प्रकल्पाची जागा सुचवताना निळ्या पूररेषेचा थर वर टाका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीनं काय बघितलं हे सगळ्यांना आठवतं, आणि पंपघर पाण्याखाली गेलं की त्यानंतरचे कित्येक आठवडे सगळं थेट नदीत जातं. गायरान, गावठाण, उतार हे थर मग बघा.

प्रत्येक पर्यायाला एकच आकडा देऊ नका. कुजण्याचा वेग ०.२ ते ०.४, भार वीस टक्के कमी-जास्त, असं चालवून पट्टा दाखवा. पर्यायांचा क्रम त्या पट्ट्यातही टिकत असेल तर तो ठामपणे मांडा. टिकत नसेल तर कोणतं मोजमाप वाढवलं की टिकेल ते लिहा, बहुतेक वेळा ते नाल्याचा प्रवाह किंवा फुगवट्याची खोली यांपैकीच असतं.

सुरुवात मात्र संगणकापासून करू नका. प्रत्येक बंधाऱ्यावर बरगे कधी घातले, कधी काढले, किती थर होते याची नोंद शाखा कार्यालयात असते, आणि नसली तर तिथल्या जुन्या चौकीदाराला तोंडपाठ असते. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला बरगे काढतात तेव्हा फुगवट्याच्या तळाचा काळा गाळ एकदम खाली सुटतो. त्याच सुमाराला वळवाचा पहिला जोरदार पाऊस गटारं धुऊन आणतो. त्या दिवसांतला एक तरी पहाटेचा नमुना तुमच्याकडे हवा. या वर्षी बरगे अजून निघाले नसतील तर डिग्रजपासून सुरू करा.